घरचा सर्व्हर: पाय-होल आणि जेलीफिन झालं, आता पुढे काय लावू?

ओसरी

नमस्कार मंडळी. मी सांगलीत असतो, एका पतसंस्थेत हिशेब बघतो. कॉम्प्युटर हा माझा पेशा नाही, पण आवड आहे. चार महिन्यांपूर्वी एक वापरलेला मिनी पीसी घेतला. लेनोवोचा टायनी, आय५-६५००टी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २५६ जीबीचा एसएसडी, आणि बाहेरून जोडलेली २ टीबीची यूएसबी डिस्क. त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, डॉकर कम्पोज (प्रत्येक ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरात, चालवायचं साधन) शिकलो आणि दोन गोष्टी लावल्या. पाय-होल घरचा डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा, बनून जाहिराती गाळतो, त्यामुळे घरातल्या सगळ्या फोनवरच्या जाहिराती बऱ्याच कमी झाल्या. जेलीफिनवर घरची लग्नं, मुंजी, बारशी यांच्या जुन्या कॅसेटींवरून करून घेतलेले व्हिडिओ आहेत. आई गावाहून आली की संध्याकाळी ते टीव्हीवर लावून बसते.

दोन्ही नीट चालतंय. मशीन दिवसभर जवळजवळ रिकामंच असतं, म्हणून पुढे जायचा विचार आहे. घरातली गरज सांगतो. बायकोचा आणि माझा, दोघांचाही फोन फोटोंनी भरलाय. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हापासून १५ जीबीत कसंबसं भागवतोय. दुसरी गरज बाबांची. गाव शिराळा तालुक्यात आहे. तिथे एका ट्रंकेत सातबारे, फेरफार, सोसायटीच्या पावत्या, विम्याचे कागद असं सगळं आहे, आणि दर वेळी हवा तो कागद शोधायला अर्धा दिवस जातो.

यादी अशी झालीय: इमिच (फोटो), नेक्स्टक्लाउड (फाइली आणि बरंच काही), पेपरलेस (कागदपत्रं), व्हॉल्टवॉर्डन (पासवर्ड), होम असिस्टंट (स्मार्ट घर). कुठून सुरुवात करू? १६ जीबीत हे सगळं मावेल का? आणि गावाहून बाबांना हे उघडता यावं यासाठी काय करायचं?

तारयंत्र

अभिनंदन. जेलीफिनवर आई घरचे व्हिडिओ बघते हे वाचून फार बरं वाटलं.

आता एक विनंती, आणि ती मनापासून आहे. पुढचं कुठलंही ॲप लावायच्या आधी दुसरी डिस्क घ्या. आत्तापर्यंत तुमच्या सर्व्हरवर जे आहे ते गेलं तरी परत आणता येईल. पाय-होल पुन्हा लावता येतो, व्हिडिओंच्या मूळ कॅसेटी तुमच्याकडे असतील. इमिच लावलंत आणि फोनमधले फोटो पुसलेत की चित्र पालटतं. त्यानंतर ती यूएसबी डिस्क हीच एकमेव प्रत उरते. माझी मुलगी एक वर्षाची होईपर्यंतचे सगळे फोटो एकाच डिस्कवर होते. डिस्क टेबलावरून पडली. पुण्यात दोन ठिकाणी डेटा काढून देणाऱ्यांकडे गेलो, हाती काही आलं नाही. ती आता नऊ वर्षांची आहे, तिचे पहिल्या वर्षाचे फोटो नातेवाइकांनी पाठवले तेवढेच आहेत.

म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. बॅकअपसाठी रेस्टिक वापरा. ते प्रत कूटबद्ध करूनच ठेवतं, बदललेला भागच नव्याने घेतं, आणि गेल्या मंगळवारी फाइल कशी होती तेही परत काढून देतं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा. आणि महिन्यातून एकदा दहा-वीस फाइली खरोखर परत काढून, उघडून बघा.

क्रमाचं म्हणाल तर आधी इमिच. घरच्यांना फायदा पहिल्या दिवसापासून दिसतो. २०२२ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प बरीच वर्षं 'अजून कच्चं आहे' असं स्वतःच सांगायचा, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० ही स्थिर आवृत्ती आली. चेहरे ओळखतो, नकाशावर फोटो दाखवतो. तुमच्या १६ जीबीत आरामात बसेल. फक्त जुने फोटो आत घेताना चेहरे ओळखायचं काम प्रोसेसरला दमवतं, तेव्हा सेटिंगमध्ये एका वेळी एकच काम चालू द्या आणि रात्री सोडून द्या. गूगलकडून टेकआउटने (आपला डेटा उतरवून घ्यायची त्यांची सोय) फोटो उतरवलेत तर तारखा वेगळ्या जेसन फाइलींत येतात. त्या जुळवून आत घ्यायला इमिच-गो नावाचं छोटं साधन आहे, तेच वापरा, नाहीतर २०१४ ची दिवाळी आजच्या तारखेला दिसेल.

आणखी एक. इमिचचा डेटाबेस एसएसडीवरच ठेवा. यूएसबी डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस या मांडणीची असेल, त्यावर पोस्टग्रेस (इमिचचा डेटाबेस) चालवू नका. फोटोंची डिस्कही रिकामी करून ईएक्सटी४ या लिनक्सच्या मांडणीत केलेली बरी.

नेक्स्टक्लाउड चांगलं आहे, २०१६ पासून आहे, मी स्वतः वापरतो. पण ते एकटं दहा कामं करतं, आणि तुम्हाला त्यातली दोनच हवी आहेत. आत्ता सोडा. होम असिस्टंट तर घरात स्मार्ट दिवे, मीटर असं काही आल्याशिवाय लावून उपयोग नाही.

खडूफळा

शिक्षकीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पेपरलेस-एनजीएक्स मी तीन वर्षं रोज वापरतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. मराठी कागदांचा अनुभव नेटवर फारसा वाचायला मिळत नाही.

कागद स्कॅन करून एका फोल्डरात टाकायचा, की पेपरलेस तो उचलतं, टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या) प्रोग्रॅमकडून अक्षरं वाचून घेतं आणि मजकुरासकट साठवतं. टेसरॅक्टला मराठी येतं, पण पेपरलेसमध्ये ते आपोआप लागत नाही. सेटिंगमध्ये दोन ओळी लागतात. एकीत मराठी भाषा उतरवून घ्यायला सांगायचं, तिची खूण एम-ए-आर अशी तीन अक्षरी आहे, आणि दुसरीत वाचताना मराठी अधिक इंग्रजी दोन्ही वापरायला सांगायचं. नुसती दुसरी ओळ लिहून पहिली विसरलात तर सुरूच होणार नाही.

आता अडचणी. पहिली जुन्या पीडीएफची. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण आतली अक्षरं रोमन खुणांची असतात. पेपरलेस बघतं की यात मजकूर आधीच आहे, म्हणून स्वतः वाचायचे कष्ट घेत नाही आणि तो निरर्थक मजकूरच साठवतं. माझे सोसायटीचे पाच वर्षांचे अहवाल असेच आत गेले होते, एकही शोधात येईना. अशा पीडीएफसाठी ओसीआरची पद्धत 'फोर्स' करायची, म्हणजे पान चित्र समजून नव्याने वाचलं जातं.

दुसरी अडचण आपल्या भाषेचीच. 'जमीन' शोधलंत तर 'जमिनीचा' सापडत नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ मी ऱ्हस्व होतो. 'विहीर' आणि 'विहिरीचे' यांचंही तेच. दोन्ही रूपं शोधायची सवय लावा. आणि शोधाच्या चौकटीत 'शीर्षक व मजकूर' हा पर्याय निवडा. तो अक्षरं जशीच्या तशी जुळवतो, मराठीसाठी मला तोच भरवशाचा वाटतो.

तिसरी गोष्ट फाइलीच्या नावाची. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोजवर ठेवलेली 'मौजे अमुक गट क्रमांक तमुक वारस नोंद फेरफार तलाठी कार्यालय सही शिक्क्यासह' यासारखी, पण याहूनही लांब नावं लिनक्सवर कॉपी होताना अडतात, आणि कारण पटकन लक्षात येत नाही. नावं आधीच आखूड करा.

मूळ कागद फेकू नका. पेपरलेसमध्ये प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक देता येतो. तोच क्रमांक मूळ कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहा आणि क्रमाने फायलीत लावा. स्क्रीनवर १४२ सापडला की फायलीतला १४२ वा कागद काढायचा. ट्रंकेतली शोधाशोध थांबते ती यामुळे.

ओसरी

सर, खूप आभार. ८५ चिन्हांचं मला अजिबात माहीत नव्हतं, आणि दोन फाइली कॉपी का होत नव्हत्या ते आत्ता कळलं!

तारयंत्र, ४ टीबीची दुसरी डिस्क मागवली. गावाहून उघडण्याबद्दल कोणी सांगेल का? राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून बघितलं, बाहेरून काहीच येत नाही.

दूरदेशी

पोर्ट उघडला असेल तर आधी बंद करा, मग पुढचं वाचा.

मी स्टुटगार्टला असते, आई-बाबा नाशिकला. त्यांच्याकडे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, माझ्याकडे इथे मिनी पीसी. दोन्ही घरं गेली दोन वर्षं एकमेकांना जोडलेली आहेत.

तुमच्या राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे इंटरनेट कंपनी एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देते. तुमच्या राउटरवर पोर्ट कितीही उघडलात तरी बाहेरून आलेली हाक तुमच्यापर्यंत पोचत नाही.

सीजीनॅट नसतं तरी मी पोर्ट उघडू नका असंच म्हटलं असतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीच्या प्रोग्रॅमने इंटरनेटला थेट उघडी असलेली हजारो घरगुती नॅस (फाइली साठवायची यंत्रं) कुलूपबंद केली. त्यांत लोकांचे घरचे फोटो होते. बऱ्याच जणांनी पैसे भरून ते सोडवले.

टेलस्केल लावा. घरगुती वापराला मोफत आहे, आत वायरगार्ड हा कूटबद्ध बोगदा आहे, जो २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. सर्व्हरवर आणि प्रत्येक फोनवर टाकायचं, एकाच खात्याला जोडायचं, की जगात कुठेही असलात तरी ती यंत्रं एका घरात असल्यासारखी एकमेकांना दिसतात. सीजीनॅट आड येत नाही, कारण दोन्ही बाजू आतून बाहेर हाक मारतात. थेट जोडणी जमली नाही तर त्यांच्या मधल्या सर्व्हरवरून जाते, थोडी हळू चालते, पण मजकूर तेव्हाही कूटबद्धच राहतो. बाबांच्या फोनवर एकदा चालू करून ठेवा आणि पेपरलेसचं पान होम स्क्रीनवर टाकून द्या. माझ्या आईला टेलस्केल म्हणजे काय ते माहीत नाही आणि माहीत असायची गरजही पडलेली नाही.

डॉकरबद्दल एक धोक्याची गोष्ट सांगते. यूएफडब्ल्यू ही लिनक्सची फायरवॉल लावून पोर्ट बंद केलेत म्हणून निश्चिंत राहू नका. डॉकर स्वतःचे नियम त्याच्या आधी घालतं, त्यामुळे कम्पोज फाइलमध्ये प्रसिद्ध केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला न जुमानता उघडा राहतो. जे ॲप रिव्हर्स प्रॉक्सीमागे (बाहेरची विनंती घेऊन आतल्या ॲपकडे देणाऱ्या मध्यस्थामागे) असेल त्याचा पोर्ट १२७.०.०.१ लाच, म्हणजे त्याच मशीनपुरता, बांधा.

आणि तारयंत्रांनी म्हटलेली घराबाहेरची तिसरी प्रत गावच्या घरी ठेवा. एक जुना पाय आणि एक डिस्क पुरते. पहिली प्रत नेटवरून पाठवू नका. २०० जीबी, २० एमबीपीएसच्या अपलोडने २२ तासांच्या वर, आणि मध्ये लाईट गेली की तेवढा वेळ काम ठप्प. सांगलीत डिस्क भरा, एसटीने जाताना घेऊन जा, मग रोजचा फरक तेवढा नेटवरून जाऊ द्या.

वीजवाला

शिराळ्यात आणि सांगलीत पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा, म्हणून लिहितो.

यूपीएस घ्याच. मिनी पीसीला ६०० व्हीएचा साधा यूपीएस भरपूर होतो, पण यूएसबी पोर्ट असलेला बघा. त्या वायरीने तो सर्व्हरला 'बॅटरी संपत आली' असं सांगतो आणि नट नावाचा प्रोग्रॅम सर्व्हर शिस्तीत बंद करतो. डेटाबेस लिहिता लिहिता वीज गेली तर खरं नुकसान होतं. फायबरचं मोडेम आणि राउटर १२ व्होल्टवर चालत असतील तर त्यांना वेगळा छोटा डीसी यूपीएस मिळतो.

बायोसमध्ये जाऊन 'वीज आल्यावर काय करावं' या जागी 'चालू हो' असं करून ठेवा. बरेच जण हे विसरतात, मग गावाला गेल्यावर कळतं की सर्व्हर बंद आहे आणि बटण दाबायला घरी कोणी नाही.

बिलाची काळजी करू नका. असं मशीन डिस्कसकट रिकामं असताना १५ वॉटच्या आसपास घेतं, म्हणजे महिन्याला ११ युनिटांच्या आत. जुना मोठा डेस्कटॉप ६० वॉट घेतो, तो ४३ युनिटं खातो. ज्यांचं बिल १०० युनिटांच्या अल्याड-पल्याड असतं त्यांना हा फरक टप्पा बदलण्याइतका आहे.

गोंयकार

फोंड्याहून नमस्कार. वरच्या सगळ्याला +१.

यादीत नसलेली दोन नावं सुचवतो. नॅव्हिड्रोम: गाण्यांसाठी, रॅम अगदी थोडी लागते. वडिलांच्या भजनी मंडळाच्या तीस वर्षांच्या कॅसेटी मी डिजिटल करून त्यावर ठेवल्या. आता मंडळातले सगळे आपापल्या फोनवर ऐकतात. नावं मराठीत व्यवस्थित दिसतात, फक्त फाइलींचे टॅग युनिकोडमध्ये भरून घ्या.

दुसरं किविक्स. विकिपीडिया पूर्ण उतरवून घरात ठेवतं, नेट नसताना चालतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, त्याचीही किविक्सच्या साच्यातली झिम फाइल मिळते. पावसात आमचं नेट दोन-दोन दिवस जातं, तेव्हा मुलं गृहपाठाला तेच उघडतात.

वीजवाल्यांना जोड: विजा चमकायला लागल्या की फक्त प्लग काढून भागत नाही, घरात खोल्यांतून फिरवलेली लांब लॅन केबलही काढा. माझा एक स्विच त्या वायरीतूनच जळाला.

माजघर

व्हॉल्टवॉर्डनबद्दल, म्हणजे बिटवॉर्डन या पासवर्डच्या तिजोरीचा घरच्या सर्व्हरवर चालणारा भाग, कोणी बोललं नाही. माझं स्पष्ट मत, नवशिक्याने पासवर्ड घरच्या सर्व्हरवर ठेवू नयेत. फोटो गेले तर दुःख होतं, पासवर्ड गेले तर बँक, मेल, सगळंच अडकतं. बिटवॉर्डनची मोफत सेवा आहे, वर्षभर ती वापरा आणि सर्व्हर वर्षभर न पडता चालला तर मग घरी आणा.

तारयंत्र

माजघर, काळजी रास्त आहे, पण मी इतकं टोकाचं म्हणणार नाही. बिटवॉर्डनचं ॲप प्रत्येक फोनमध्ये तिजोरीची कूटबद्ध प्रत ठेवतं. सर्व्हर पडला तरी जुने पासवर्ड वाचता येतात, नवीन भरता येत नाहीत एवढंच. व्हॉल्टवॉर्डन रस्ट या भाषेत लिहिलेलं आहे, अगदी हलकं आहे. अट एकच, एचटीटीपीएस लागतंच, त्याशिवाय वेबवरची तिजोरी उघडत नाही. टेलस्केल तुमच्या यंत्राच्या नावाचं प्रमाणपत्र काढून देतं. फक्त यंत्राला घरच्यांचं नाव देऊ नका, कारण ती प्रमाणपत्रांची नोंद जगाला दिसते.

ओसरी, तुमच्यासाठी मात्र मी माजघरांशी सहमत. आधी बॅकअपमधून एकदा सगळं परत उभं करून दाखवा, मग व्हॉल्टवॉर्डन.

ओसरी

तीन आठवड्यांनी लिहितोय, आणि मदत हवीय.

इमिच लागलं. आमच्या दोघांच्या फोनचे मिळून ३१ हजार फोटो आत आले. फोनमध्ये फक्त कॅमेऱ्याचा अल्बम निवडला, त्यामुळे व्हॉट्सॲपची सकाळची फुलं आली नाहीत. पेपरलेसमध्ये ६० कागद झाले. दुसरी डिस्क आली. रेस्टिक नंतर शिकू म्हणून तूर्त आरसिंकची (फाइली नकलून नेणाऱ्या आज्ञेची) एक छोटी स्क्रिप्ट केली, रोज रात्री दोन वाजता सगळं दुसऱ्या डिस्कवर नेणारी.

काल सकाळी उठलो तर घरातलं नेट बंद. मुलीची ऑनलाइन परीक्षा होती, तिला शेजाऱ्यांकडे बसवलं. सर्व्हरवर बघितलं तर इमिचचा डेटाबेस बंद पडलेला, पाय-होलचा कंटेनर उठत नाही, आणि एसएसडी १०० टक्के भरलेला. परवा रात्री लाईट गेली होती. बॅकअपची डिस्क माउंट झालेली नव्हती, म्हणजे तिच्या ठरलेल्या फोल्डरात दिसत नव्हती, ती हाताने माउंट केली. तरी एसएसडी भरलेलाच.

मग डीयू या फोल्डर मोजणाऱ्या आज्ञेने एकेक फोल्डर मोजत गेलो. सगळ्यांची बेरीज ६८ जीबी. डीएफ, म्हणजे पूर्ण डिस्कची शिल्लक सांगणारी आज्ञा, म्हणते, शिल्लक शून्य. हिशेबात माझं आयुष्य गेलं, पण हा ताळा काही जुळेना. दीडशे जीबी कुठे गेले?

तारयंत्र

घाबरू नका, काहीही गेलेलं नाही. दीडशे जीबी तुमच्या बॅकअप डिस्कच्या खाली आहेत.

असं झालं. लाईट आल्यावर डिस्कचं नाव बदललं. आधी एसडीबी होती, आता एसडीसी झाली, म्हणून ती माउंट झाली नाही. पण ज्या फोल्डरवर ती माउंट होते तो फोल्डर एसएसडीवर रिकामा होताच. रात्री दोनला स्क्रिप्टला तो फोल्डर दिसला, तिने इमानेइतबारे सगळे फोटो त्यात, म्हणजे एसएसडीवरच, ओतायला सुरुवात केली. एसएसडी भरला. सकाळी तुम्ही डिस्क माउंट केलीत, ती त्या फोल्डरावर झाकणासारखी बसली. झाकणाखालचं डीयूला दिसत नाही, डीएफ मात्र मोजतं.

आता डिस्क अनमाउंट करा, फोल्डर उघडा, आतले फोटो दिसतील. ते एसएसडीवरचे आहेत आणि मूळ प्रत पहिल्या डिस्कवर आहे याची दोनदा खात्री करा, मग पुसा.

पुन्हा होऊ नये म्हणून तीन गोष्टी. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत) डिस्क नावाने न देता यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, द्या, तो बदलत नाही. सोबत नोफेल लिहा, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क नसेल तर मशीन सुरू होतानाच अडकून बसेल. दुसरं, डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर या आज्ञेने 'प्लस आय', म्हणजे बदल-बंदीची खूण, लावा. मग डिस्क नसेल तेव्हा रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्यालासुद्धा, त्यात लिहिता येणार नाही. तिसरं, स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत माउंटपॉइंट या आज्ञेने तपासा, डिस्क नसेल तर तिथेच थांबा. इमिच स्वतःच्या फोल्डरांत खुणेच्या फाइली ठेवून हेच तपासतं आणि त्या नसल्या तर सुरूच होत नाही. आपल्या स्क्रिप्टीला ते आपण शिकवायचं.

आणि पाय-होल या मशीनवर एकटा राहू देऊ नका. मुलीच्या परीक्षेच्या दिवशी नेट जाणं परवडणारं नाही. जुना पाय झिरो वगैरे असेल तर त्यावर दुसरा पाय-होल लावा. राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा सार्वजनिक पत्ता देऊन भागत नाही, कारण फोन दोन्हींपैकी वाटेल तो वापरतात आणि जाहिराती परत येतात.

ओसरी

ताळा जुळला! १५१ जीबी झाकणाखाली होते. तिन्ही गोष्टी केल्या. रेस्टिकही आजच बसवलं, उद्यावर टाकलं नाही.

माजघर

एवढ्यावर अपडेटचंही सांगून ठेवते. आपोआप अपडेट करणारं काही लावू नका. कम्पोज फाइलमध्ये 'लेटेस्ट' न लिहिता आवृत्तीचा आकडा लिहा, बदलांची टीप वाचा, बॅकअप घ्या, मग आकडा वाढवा. पोस्टग्रेसचा मोठा आकडा तर नुसता बदलून चालतच नाही. १४ च्या जागी १७ लिहिलंत तर जुना डेटा उघडणार नाही. आधी डम्प, म्हणजे डेटाबेसची पूर्ण नक्कल, काढावा लागतो आणि नव्यात भरावा लागतो.

ओसरी

पाच महिने झाले, कळवायचं राहिलं होतं.

गेल्या शनिवारी खोटंखोटं संकट आणलं. एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकलं आणि गावच्या डिस्कवरून इमिच आणि पेपरलेस परत उभं केलं. तीन तास लागले. पहिल्यांदा फोटो आले, पण अल्बम आणि चेहऱ्यांची नावं आली नाहीत, कारण डेटाबेसचा डम्प मी घेतलाच नव्हता. इमिच रोज रात्री स्वतः डम्प काढून बॅकअप्स फोल्डरात ठेवतं, तो वापरल्यावर सगळं जागेवर आलं. दूरदेशीताई, डिस्क एसटीनेच नेली.

बाबांचं सांगतो. पीक कर्जासाठी बँकेने जुना फेरफार मागितला. बाबांनी गावी बसून फोनवर शोधला, अनुक्रमांक ८७ निघाला, काकांनी फायलीतून काढून दिला. बाबांनी मला फोन केला तो फक्त हे सांगायला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक पिशवीभर कागद पाठवले.

खडूफळा सर, त्यातले काही आजोबांच्या वडिलांच्या वेळचे आहेत, मोडीतले. घडीवर फाटायला आलेत. हे कसे स्कॅन करू? आणि पेपरलेस मोडी वाचेल का?

खडूफळा

नाही, टेसरॅक्टला मोडी येत नाही, आणि हाताने लिहिलेलं देवनागरीही धड येत नाही. त्यामुळे या कागदांचं शीर्षक आणि मजकुराचा सारांश हाताने भरायचा. 'मोडी' असा टॅग करून ठेवा, म्हणजे वाचणारं कोणी भेटलं की सगळे एकदम काढता येतील. मी स्वतः मोडी वाचतो. चार-पाच पानं इथे नको, व्यक्तिगत निरोपात पाठवा, गट क्रमांक आणि नावं तरी लावून देतो.

कागद आपोआप ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये अजिबात घालू नका, घडीवर दोन तुकडे होतील. काचेचा सपाट स्कॅनर वापरा, ३०० डीपीआय, रंगीत. शाई फिकी असेल तर ६००. घडी उलगडायला जोर लावू नका, दोन दिवस दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पुस्तकं ठेवा, मग आपोआप सपाट होते. सेलोटेप लावू नका. आणि या कागदांच्या मागे पेन्सिलीनेही क्रमांक लिहू नका. प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात ठेवा आणि क्रमांक पाकिटावर लिहा.